मोटारीला सागवानी डॅशबोर्ड

माझे यजमान गेले तेव्हा चैत्र लागून थोडेच दिवस झाले होते. सेलूच्या मोंढ्यात आमचं सरकी-पेंडीचं दुकान आहे. तिथं गादीवर बसल्या बसल्या त्यांच्या छातीत कळ आली. परभणीला न्यायला म्हणून जीप काढली, ती अर्ध्या वाटेतूनच परत फिरली. दुपारी घरीच जेवायला येतो म्हणून सकाळी डबा नको म्हणाले होते. मी भाकरी थापत होते. दारात माणसं गोळा झालेली दिसली तेव्हा मी आधी तव्यावरची भाकरी उलटली, ती भाजू दिली, गॅस बंद केला आणि मग बाहेर गेले. एवढं मला नीट आठवतं. पुढचं सलग असं काही आठवत नाही.

आम्हा लिंगायतांत बसवून माती देतात आणि सुतक धरत नाहीत. माणूस शिवाकडं गेला, मग विटाळ कसला, असं आमच्या घरात म्हणतात. त्यामुळं लिंगपूजा चुकली नाही, चूल बंद राहिली नाही, दुकानही लवकरच उघडलं. बायका मात्र रोज भेटायला येत. गळ्यात पडत, रडत, मग थोडं थांबून माझ्या तोंडाकडं बघत. मला रडू येत नव्हतं. एकदा स्वयंपाकघरात पाणी आणायला गेले तर मागून ऐकू आलं, "रडू द्या तिला, न्हाई तर डोक्यावर परिणाम होतो." मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले आणि सगळ्यांना पाणी दिलं. माझ्या डोक्यावर परिणाम झाला होता का, मला खरंच सांगता आलं नसतं. अंगाला हात लावला तर कळत होतं, पण ते अंग माझं आहे असं वाटत नव्हतं.

आम्हाला मूलबाळ नाही. घरात उरलो तिघं. मी, सासरे आणि सासूबाई. सासऱ्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या. आत्या दिवसभर देवघरापाशी बसून असत. मामांनी दुकानात जाणं सोडलं होतं. मुनीमजी दुकान उघडत आणि बंद करत.

घराच्या मागं पत्र्याचं शेड आहे आणि त्यात मामांची जुनी मोटार आहे. विलायती. तरुणपणी कापसाच्या एका चांगल्या हंगामात मामांनी ती हैदराबादच्या एका डॉक्टरांकडून घेतलेली. काळा रंग, चामड्याच्या सीटा आणि समोरचा डॅशबोर्ड लाकडाचा. म्हणजे आत साधी फळी आणि तिच्यावर अक्रोडाच्या लाकडाचा कागदासारखा पातळ थर. त्याला व्हिनियर म्हणतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आमच्याकडच्या उन्हानं तो थर जागोजागी तडकला होता. वरचं पॉलिश पिवळं पडून त्याच्या खपल्या निघत होत्या.

एका सकाळी मामा मागं गेले ते बराच वेळ आले नाहीत. आत्यांनी चहा देऊन मला पाठवलं. बघते तर मामा मोटारीत स्टेअरिंगच्या खाली उताणे पडलेले, पाय दाराबाहेर.

"मामा, चहा."

"ठेव तितं. आन् बॅटरी धर जरा. दिसंना गेलंय."

मी बॅटरी धरली. ते आतले स्क्रू काढत होते. त्यांचा हात कापत होता, त्यामुळं स्क्रूड्रायव्हर खाचेत बसत नव्हता. थोड्या वेळानं मी तो त्यांच्या हातातून घेतला आणि ते बॅटरी धरून बसले. आमच्या घरात सासऱ्यासमोर सून कधी पाटावर बसली नव्हती, आणि मी त्या दिवशी पदर खोचून मोटारीत आडवी पडले.

दुपारपर्यंत डॅशबोर्ड सुटला. काट्यांची गोल मीटरं वेगळी काढून ठेवली. कुठली वायर कुठं जाते ते कळावं म्हणून मी शिवणाच्या डब्यातले रंगीत दोरे आणून एकेका वायरीला बांधले. चहा तसाच गार झाला होता.

दुसऱ्या दिवशी मी न बोलावताच गेले. तिथं मला कुणी काही विचारत नव्हतं, एवढंच कारण. मामा फक्त कामाचं बोलत. हे धर, ते दे, जरा सरक. एकदा मीच विचारलं, "मामा, हे आत्ताच काऊन काढलं?"

ते फळीकडंच बघत म्हणाले, "दुकानात बसलं की लोकं येतेत. हितं कोनी येत न्हाई."

जुना थर काढायचा तर त्याखालचा सरस वितळवावा लागतो. मी मोबाइलवर व्हिडिओ शोधले. परदेशातला एक पांढऱ्या केसांचा माणूस त्याच्या मोटारीचं हेच काम करत होता. तो सारखा हसत हसत बोलायचा. मी आवाज बंद करून नुसते त्याचे हात बघत असे. ओलं फडकं पसरायचं, त्यावर गरम इस्त्री फिरवायची आणि पातळ पटाशीनं थर उचकटत जायचा. इस्त्री मी फिरवली, पटाशी मामांनी धरली. जुन्या सरसाला जनावरासारखा वास येतो. तो वास शेडमध्ये भरून राहिला आणि माझ्या लुगड्यालाही लागला. आत्या मला म्हणाल्या, "आंघोळ करून ये आधी. मेल्या ढोराचा वास यायलाय." मग त्यांच्या लक्षात आलं आपण कुठला शब्द बोललो, आणि त्या देवघराकडं वळल्या.

आत्यांना ते काम मुळीच आवडलं नव्हतं. त्या मामांशी बोलत नव्हत्या. शेजारच्या काकूंशी बोलताना मी ऐकलं, "पोरगं गेलं आन् ह्यांना मोटारीला नटवायचं सुचायलंय. सुनेलाबी नादी लावलंय." त्यांचं काही चुकत होतं असं मला वाटलं नाही. आणि आमचं काही चुकत होतं असंही वाटलं नाही.

अक्रोडाचं व्हिनियर सेलूत मिळणार नव्हतं, परभणीतही नाही. मी ते मोबाइलवरून मागवलं. गुंडाळी होऊन आलं. लाकडाच्या गाठीतून कापलेलं, त्यामुळं त्यावर नागमोडी रेघा, भोवरे, काळे ठिपके. लागोपाठ कापलेले दोन तुकडे पुस्तकाच्या पानांसारखे उघडून शेजारी ठेवले की डावीकडची नक्षी उजवीकडं तशीच्या तशी उमटते. मामांनी ते तुकडे खाटेवर जुळवून ठेवले आणि बराच वेळ बघत बसले. "बघ, कशी जोडी जमलीय," म्हणाले. मीही बघितलं. सुंदर आहे हे मला कळत होतं. वाटत काहीच नव्हतं.

ते लाकूड पापडासारखं कडक होतं, म्हणून पाण्याचा हात लावून दोन पाटांमध्ये दाबून ठेवलं. मग एका दुपारी मामांनी गोंद लावायला घेतला. मी म्हणाले, ऊन उतरू द्या. ते ऐकेनात. पत्रा इतका तापला होता की त्याच्याखाली उभं राहवत नव्हतं. गोंद एका टोकाला लावून दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत पहिलं टोक सुकत होतं. तरी आम्ही व्हिनियर बसवलं, वर प्लॅस्टिक टाकलं, पाट ठेवला आणि दुकानातल्या जुन्या काट्याची लोखंडी वजनं आणून त्यावर रचली.

दुसऱ्या दिवशी वजनं काढली तर जागोजागी फोड आले होते. बोटानं दाबलं की आत पोकळ वाजायचं. मधल्या जोडाला केसाएवढी फट पडली होती. मामांनी ब्लेडनं एक फोड चिरला आणि आत गोंद सारायला बघितलं, तर चिरेपासून लाकूड तडकत पार कडेपर्यंत गेलं.

मामा थांबले. मग त्यांनी पटाशी घेतली आणि तो थर ओरबाडायला सुरुवात केली. नीट बसलेला होता तोही. ढलप्या उडत होत्या. "निघू दे," म्हणत होते, "निघू दे सगळं. काय ठिवायचंय." पटाशी फळीत रुतून बसली, निघेना, तेव्हा त्यांनी फळीच उचलून भिंतीवर आपटली. फळीचं एक टोक चेपलं. मग ते खाली मातीत बसले आणि रडायला लागले. तोंड उघडं होतं आणि आवाज येत नव्हता. लेकाच्या मातीच्या वेळी ते रडले नव्हते, आल्यागेल्यांची व्यवस्था बघत होते.

मी उभी होते. म्हातारा माणूस आपल्यासमोर रडतोय, त्याचा लेक गेलाय, तो लेक आपला नवरा होता, हे सगळं मला माहीत होतं. पाढा माहीत असावा तसं. पाणी आणून द्यावं हे सुचलं, पण तेही उशिरा. पाणी आणलं तोपर्यंत ते उठून घरात गेले होते. मी ढलप्या झाडून गोळा केल्या.

त्यानंतर मामा शेडकडं फिरकले नाहीत. ओसरीवर पडून राहायचे. मी एकटीच जायचे. फळी घासून साफ केली, चेपलेलं टोक लाकडाचा भुसा आणि गोंद कालवून भरून काढलं. हे मी का करत होते ते सांगता येत नाही. सकाळी उठल्यावर कुठंतरी जायचं असतं, एवढंच.

त्याच दिवसांत माझा भाऊ आला. माझं माहेर राणीसावरगावचं. दादा शेती बघतो, फार बोलत नाही. येताना मला लुगडं घेऊन आला होता. जेवणं झाल्यावर ओसरीवर सगळ्यांच्या समोर म्हणाला, "मी हिला न्यायला आलोय. आमच्याकडं राहील. घर मोठं हाय."

किती दिवसांसाठी ते तो बोलला नाही. त्याला कायमचं म्हणायचं होतं हे सगळ्यांना कळलं. मामा छताकडं बघत पडलेले होते. मी म्हणाले, "दादा, मला आत्ता यायला जमायचं न्हाई. काम राह्यलंय."

"कसलं काम?"

"मोटारीचं. डॅशबोर्ड बसवायचाय."

दादानं माझ्याकडं बघितलं, मग मामांकडं. त्याला वाटलं असणार की बायका बोलत होत्या ते खरंच आहे, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. तो हळू आवाजात म्हणाला, "मोटारीचं काम तू काऊन करायलीस? मिस्तरी न्हाईत का सेलूत?"

तेवढ्यात देवघराच्या दारातून आत्या म्हणाल्या, "तिचं काम झालं की आमी आनून सोडताव तिला. अर्धं टाकून कसं येईल?"

मी आत्यांकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. दादा संध्याकाळच्या गाडीनं परत गेला.

दुसऱ्या दिवशी मी बसनं परभणीला गेले. अक्रोडाचं पुन्हा मागवायची माझी इच्छा नव्हती. प्लायवूडच्या दुकानात सागवानाचं व्हिनियर होतं. सरळ रेघांचं, तपकिरी, ज्याची कपाटं आणि दारं करतात. दुकानदारानं विचारलं, "काय बनवायचंय ताई?" मी म्हटलं, "फळीला लावायचंय." तेवढंच घेऊन आले.

सकाळी उन्हं यायच्या आत शेडला ओली पोती लावली. गोंद लावला आणि मग लक्षात आलं, एकटीनं हे जमणार नाही. लांबलचक तुकडा एका हातानं वर धरून दुसऱ्या हातानं बसवत जायचा असतो. मी तो धरून तशीच उभी राहिले. पाठीमागून आत्यांचा आवाज आला.

"सोड इकडून."

त्या कधी आल्या ते मला कळलं नव्हतं. त्यांनी दुसरं टोक धरलं.

"हळू. पुरणपोळी तव्यावर टाकताव तसं. आधी एक कड टेकव, मग सोडत ये."

आम्ही तसं सोडत आणलं. मग त्या घरात गेल्या आणि लाटणं घेऊन आल्या. मधून कडेकडं, मधून कडेकडं लाटत राहिल्या. कडेनं गोंद बाहेर यायचा तो मी ओल्या फडक्यानं पुसत गेले. लाटता लाटता त्या म्हणाल्या, "त्याला मोटारीचं लय वेड होतं ल्हानपनी. ह्या शेडात झोपायचा. मोठा झाला आन् सोडलं."

मला हे माहीत नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मी यजमानांना कधी मोटारीजवळ बघितलं नव्हतं. मी "हो का?" म्हणाले. वजनं आम्ही दोघींनी मिळून रचली.

या वेळी फोड आले नाहीत. सागवान सरळ स्वभावाचं लाकूड आहे, फार नखरे करत नाही. मीटरांची भोकं मी मागच्या बाजूनं ब्लेडनं कापली. घड्याळाचं भोक एका बाजूला जरा जास्त कापलं गेलं. मग घासकागद घेऊन रेघांच्या दिशेनं घासणं सुरू केलं. त्या आवाजानं असेल, मामा एका सकाळी येऊन शेडच्या दारात उभे राहिले. फळी बघून म्हणाले, "सागवान हाय हे."

"हो मामा."

"अक्रोडाचं होतं ते."

"हो."

त्यांनी फळीवरून हात फिरवला. घड्याळाच्या भोकापाशी बोट थांबलं. मला वाटलं काही बोलतील. ते म्हणाले, "पॉलिश मी करतो. त्याला कापरा हात चालतो."

लाख स्पिरिटमध्ये भिजवून केलेलं पॉलिश कापडाच्या बोळ्यानं गोल गोल फिरवत लावायचं असतं. एक हात दिला की सुकू द्यायचा, मग पुन्हा. मामा रोज सकाळी ते करत आणि मी शेजारी बसून मीटरांच्या काचा, स्क्रू, पितळी कड्या पुसत असे. आत्या चहा आणून देत आणि तिथंच बसून पीत. हळूहळू लाकडात चमक आली. अक्रोडासारखी नक्षी काही नव्हती. घरातल्या कपाटाचं दार मोटारीला लावल्यासारखं दिसत होतं. बसवताना घड्याळाशेजारी फट दिसली ती तशीच राहिली. दोऱ्यांवरून वायरी जोडल्या. पेट्रोलचा काटा हलला, दुसरा एक हललाच नाही.

मोटार चालते का बघायला म्हणून मामांनी ती देवगाव फाट्यापर्यंत काढली. मी पुढं बसले, आत्या मागं. त्या मोटारीतून मी पहिल्यांदाच कुठं जात होते. फाट्यावर चहाच्या टपरीसमोर थांबलो तर माणसं जमली. कुणी मोबाइलनं फोटो काढत होतं, कुणी काचेतून आत वाकून बघत होतं. त्यात मामांच्या वयाचे एक गृहस्थ होते, जिंतूरकडचे, पूर्वी आमच्या दुकानातून पेंड न्यायचे. त्यांना काही माहीत नव्हतं. ते खुशीत येऊन म्हणाले, "शेटजी, मोटार लय झकास केली. पोरगं काय करायलंय? दुकान त्याच्याकडंच ना?"

मामा म्हणाले, "पोरगं वारलं."

मी हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. घरात कुणी तो उच्चारला नव्हता. गेला, झालं, ते, तेव्हा, असंच बोलत होतो. गृहस्थांनी मामांचा हात हातात धरला आणि तसाच धरून ठेवला. टपरीवाल्यानं चहा आणून ठेवला. कढईतून भज्यांचा घाणा निघत होता. मला एकदम भूक लागली. पोटात खड्डा पडावा अशी. इतक्या दिवसांत मी समोर वाढलेलं गिळत होते, पण भूक अशी लागली नव्हती. मी बशीभर भजी मागितली, ती खाल्ली, आणखी मागितली. आत्या बघत होत्या. त्यांनी आपल्या बशीतली माझ्या बशीत सारली. "खा," म्हणाल्या. तोंड भाजलं तरी मी खात राहिले. मला तेव्हा थोडी लाज वाटली, आणि लाज वाटतेय हे लक्षात आलं.

कबूल केल्याप्रमाणं पुढच्या आठवड्यात दोघांनी मला राणीसावरगावला नेऊन सोडलं. परभणी, गंगाखेड करत, मधे मधे इंजिन गार होऊ देत. दादानं मोटारीला फेरी मारली, आत डोकावला, डॅशबोर्डवर बोटं टेकवली आणि मला विचारलं, "हे तू केलंस?" मी म्हटलं, "आमी तिघांनी." मामा-आत्या जेवून परत निघाले. निघताना मामांनी मी परत कधी येणार, येणार का, काही विचारलं नाही.

माहेरी मी झोपले. जेवायचे आणि झोपायचे. वहिनी मला काही करू देत नव्हती. एका दुपारी तिच्या शिवणाच्या मशीनचा पट्टा तुटला, ती वैतागून हसली आणि मला रडू फुटलं. काय झालं म्हणून सगळे धावत आले. मला सांगता येईना. ते रडणंही लवकर संपलं आणि त्यानंतर काही मोकळं वाटलं असंही नाही. डोकं दुखत राहिलं.

पाऊस पडून पेरण्या सुरू झाल्या तेव्हा मी दादाला सांगितलं, मी जाते. तो म्हणाला, "तिकडं काय करशील?" मी म्हटलं, "दुकानात बसते." हे मी आधी ठरवलेलं नव्हतं. बोलताना ठरलं. त्यानं वाद घातला नाही, फक्त म्हणाला की हे घर तुझंच आहे. गंगाखेडला मला रेल्वेत बसवून दिलं. परभणीला गाडी बदलली.

सेलू स्टेशनवर उतरून मी रिक्षा केली आणि घरी न जाता मोंढ्यात गेले. मामा गादीवर बसले होते. मला बघून थोडे सरकले. मी पिशवी कोपऱ्यात ठेवून बसले. एक गिऱ्हाईक आलं आणि त्यानं सरकीचा भाव विचारला. मला माहीत नव्हता. मी मामांना विचारला आणि त्याला सांगितला.